हा ळ कुणाचा

सांगली
१४ फेब्रुवारी १९९९

मिलिंद,

वर जय भीम लिहिलेला नाही. विसरलेला नाही, मुद्दाम गाळलेला आहे. रागावले की मी शुद्ध बोलते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. या पत्रात माझ्या तोंडचा एकही 'न्हाई' सापडला नाही तर काय ते समजून घे.

तू घर सोडून साताऱ्याला गेलास त्याला सहा महिने झाले. तू एक कार्ड टाकलं नाहीस. मीही टाकलं नाही. माझ्या न टाकण्याला कारण आहे, पण ते आज सांगायची माझी इच्छा नाही. आज फक्त चोरीबद्दल बोलू.

काल लालासाहेबांनी मला पेढीवर बोलावून घेतलं. हळदीचे व्यापारी लालासाहेब. आप्पा त्यांचा बोर्ड रंगवत होते तेव्हा तू शिडीवरून पिवळ्या रंगाचा डबा त्यांच्या गादीवर पाडला होतास, तेच. तू गेल्यावर आपली ती कॉम्प्युटरची खोली मी एकटीनं चालवली आणि दिवाळीत त्यांची वेबसाइट केली. परदेशातल्या एका मसालेवाल्यानं ती बघून हळदीचा नमुना मागवला, तेव्हापासून लालासाहेब मार्केट यार्डात मिशीला पीळ देत फिरत होते. काल मात्र त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. समोर एक छापलेला कागद टाकला. साताऱ्याच्या कुणा गूळवाल्याची वेबसाइट. चित्रं उमटलेली नव्हती, चित्रांच्या जागी नुसत्या फुल्या, पण बाकी सगळं जसंच्या तसं.

"हे बघ. चौकटी त्याच, रांगा त्याच, वाक्यं तीच. तू ह्येंचं उचलून मला दिलंस, का ह्येंनी तुझं उचललं?"

मी म्हटलं, त्यांनी माझं.

"ती वेबसाइट करनारा तिथला टायवाला साहेब फोनवर सांगतोय की त्येंचं आधीचं हाय. त्येंचं तीस कॉम्प्युटरचं हापिस हाय आन् तुझी बोळातली एक खोली. मी कुणाचं खरं धरू?"

तू त्याच ऑफिसात कामाला आहेस हे मला आईच्या चुलतभावाकडून कळलेलं आहे. लालासाहेबांना ते माहीत नाही.

आता नीट वाच. येत्या शनिवारी, वीस तारखेला, यार्डातल्या सगळ्या व्यापाऱ्यांची मिटींग आहे. हळद, गूळ, बेदाणा, सगळ्यांची मिळून एक वेबसाइट करायची आणि प्रत्येक दुकानाला त्यात एक पान द्यायचं, असं ठरतंय. हे काम मला द्यावं असं लालासाहेबांनीच सुचवलं होतं. काल ते म्हणाले, "शनिवारपातुर सिद्ध कर. न्हाईतर यार्डात तुझं नाव कुणाच्या तोंडातनं निघायचं न्हाई, आन् निघालंच तर चोर म्हनून निघंल." तुझे टायवाले साहेबही शनिवारी येणार आहेत. त्यांनाही ते काम हवं आहे.

खोलीवर आले आणि इंटरनेट लावला. वरचं चित्र उतरायला अकरा मिनिटं लागली. त्यात मोठ्या अक्षरात 'गूळ' लिहिलेलं आहे. गू कॉम्प्युटरच्या ठशातला. आणि ळ आप्पांचा.

नाही म्हणू नकोस. आप्पांचा ळ मी अंधारात बोटांनी ओळखेन. दुसरी वाटी पहिलीपेक्षा जरा खाली लोंबते, आणि शेवटचा फटकारा आत न वळता बाहेर निघून जातो. माझ्या पानासाठी आप्पांनी 'हळद' हा शब्द ब्रशनं कागदावर काढून दिला, हात थरथरतो म्हणून दोन दिवस लागले त्यांना, आणि मी तो स्कॅन करून लावला. तू हळदीतला ळ कापून गुळाला चिकटवलास. बापाचं अक्षर कापताना हात कसा रे चालला तुझा?

आप्पांना सांगितलेलं नाही. खोलीचा फोन नंबर तुझ्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत फोन कर आणि लालासाहेबांना खरं काय ते सांग. दुसरं काही मागत नाही.

दीक्षा


सांगली
१८ फेब्रुवारी १९९९

मिल्या,

फोन आला नाही. शुक्रवार अजून उद्या आहे, पण येणार नाही हे मला कळून चुकलंय. असू दे. आता मला तुझ्या फोनची गरजच उरली नाही.

काल सकाळी भरपूर रडून घेतलं. रडून झाल्यावर तुझं ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. आधी रागाच्या भरात मी फक्त चौकटी आणि ळ बघितला होता, इंग्रजी मजकूर वाचलाच नव्हता. वाचत गेले आणि हसायला लागले ती थांबेचना. आई चुलीपुढनं उठून आली. म्हणाली, "पोरीच्या डोस्क्यावर परिणाम झाला का काय!"

आरं गड्या, तू वाचलंस तरी का रं ते? माझं सगळं पान उचललंस, 'हळद' शब्द शोधलास, जिथं जिथं सापडला तिथं 'गूळ' घातलास, आणि झालं! एका टिचकीत कॉम्प्युटर सगळे शब्द बदलून देतो, पण कॉम्प्युटरला काय माहीत हळद कशी असते नि गूळ कसा असतो. तुला तरी माहीत पाहिजे होतं. उसाच्या मुलखात वाढलेलं पोर तू!

माझं सगळं पान हरिपूरच्या पेवांवर उभं आहे. बघितलीस ना कधी ती पेवं? जमिनीत विहिरीसारखी खोल, तोंडाशी अरुंद, आत रांजणासारखी फुगीर. त्यात हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. मी महिनाभर तिथं जाऊन बसले. तीस वर्षं पेवांची तोंडं लिंपणाऱ्या मनुबाईंनी मला सगळं सांगितलं, तेही मी त्यांच्याबरोबर चिखल कालवला तेव्हा. लालासाहेबांच्या आई चंद्राबाई, त्यांनी लग्नातल्या हळदीचं सांगितलं. त्यातली एकही ओळ कुठल्या परदेशी वेबसाइटवर सापडायची नाही. पण तुझ्या साताऱ्याच्या गूळवाल्याकडं सापडली. काय काय सापडलं ते मी आत्ता लिहीत नाही, नाहीतर परत हसू येईल.

आणि एक. हे पत्र मी आज लिहितेय, पण पेटीत टाकणार शनिवारी, मिटींगला जाता जाता. तुला सोमवारी मिळेल. मधल्या वेळात तू ते पान दुरुस्त करू नयेस म्हणून. धोंडिराम पेंटरची पोरगी आहे, एवढं तरी डोकं मला असणारच.

ताई
(ताई चुकून लिहिलं. खोडत नाही, कागद घाण होईल.)


सांगली
२१ फेब्रुवारी १९९९

मिल्या रं, जिंकले!

शुद्धबिद्ध गेलं खड्ड्यात. नीट बस आणि वाच, कारण ही गोष्ट तुला माझ्याएवढी रंगवून कुणी सांगणार न्हाई.

यार्डातल्या हॉलमधी मिटींग. मी आप्पांना घेऊन गेले. त्यांना एवढंच सांगितलेलं, की साताऱ्याच्या कुणीतरी माझं काम चोरलंय. त्या यार्डात चाळीस तरी बोर्ड आप्पांच्या हातचे आहेत, पण मिटींगला त्यांना आजवर कुणी बोलावलं नव्हतं. ते सवयीनं दाराशीच उभे राहिले. अध्यक्ष होते जोतिबा अण्णा, यार्डातले सगळ्यात जुने गुळाचे व्यापारी. हो, गुळाचे! त्यांनी फेटा सावरला नि म्हणाले, "आरं, पेंटरला खुर्ची द्या की. उभा का ऱ्हायलाय त्यो?" खुर्ची आली. आप्पा बसले. माझं निम्मं काम तिथंच झालं म्हण.

तुझे साहेब मोटारीतून आले. टाय, अत्तर, हातात रंगीत छापलेली पानं, प्लॅस्टिकमधी घातलेली. कॉम्प्युटरबी आणलेला, पण त्यांनी बटण दाबायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. मग ते नुसतंच बोलले, अर्धा तास, निम्मं इंग्रजीत. 'इनोव्हेशन' हा शब्द मी मोजला, आठ वेळा. शेवटी अण्णांनी विचारलं, "सायेब, हे इनोवेशन म्हंजे खायाचं असतंय का लावायचं?"

"म्हणजे नवीन. स्वतःचं. कुणाचं न बघता केलेलं," साहेब म्हणाले. "आमच्या गुळाच्या पानासारखं. ते इथल्या कुणीतरी उचललं, पण आम्ही मोठ्या मनानं तक्रार करत नाही."

हे म्हणताना माझ्याकडं बघितलं त्यांनी. माझे कान तापले गड्या. लालासाहेबांनी मला उठवलं. "बोल, दीक्षा. काय सिद्ध करायचं ते कर."

मी म्हटलं, "अण्णा, मी काही सिद्ध करत नाही. साहेबांचं पान इंग्रजीत आहे, इथं बऱ्याच जणांना ते वाचता येत नाही. मी नुसतं मराठीत वाचून दाखवते. शब्द त्यांचेच. मी पदरचं काही घातलं तर साहेब बसलेतच."

साहेबांनी मोठ्या मनानं पान माझ्या हातात दिलं. मी चेहरा एकदम शाळेतल्या बाईसारखा ठेवला आणि वाचायला लागले.

"'आमचा गूळ आम्ही जमिनीखाली खोल पेवात भरतो. वरून मातीनं लिंपतो. तीन वर्षांनी पेव उघडलं तरी गूळ भरला तसाच निघतो.'"

अण्णांनी कानामागं हात धरला. "परत वाच, पोरी."

परत वाचलं.

"गूळ? पेवात?" अण्णा साहेबांकडं वळले. "तीन वर्सं? आवं सायेब, पावसाळ्यात आमी ढेप पोत्याखाली झाकून ठेवतो तरी ती पाझरतीया. तुमी ती जमिनीत पुरली? तीन वर्सांनी काय निघंल तितं, चिखल का मुंग्या?"

कुणीतरी मागं खुदकलं. मी मान खाली घालून पुढं वाचत राहिले. "'गडी गुळात उतरण्याआधी आत कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरत नाहीत.' 'गूळ शिजवून पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग पिंपात घोळून घोळून त्याला चकाकी आणतात.'" आता बेदाणेवाले एकमेकांच्या मांडीवर थापा मारायला लागले होते. मी थांबले, पाणी प्याले, आणि शेवटचं काढलं. ते मी राखून ठेवलं होतं.

"'आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाला नि नवरीला अंगभर गूळ लावायची प्रथा आहे. त्यानं कांती उजळते.'"

मिल्या, तुला काय सांगू! सगळा हॉल फुटला. लालासाहेब, तो एवढा आडदांड माणूस, खुर्चीचा हात धरून हसत होता. कुणीतरी ओरडलं, "पी गूळ अन् हो गोरी!" दुसरा म्हणाला, "आन् वरात मुंग्यांनीच ओढत न्यायची व्हय!" अण्णांनी फेटा काढून डोळे पुसले. आप्पा हसले, आपले आप्पा, दात दिसेस्तोवर. ते असे हसल्याला किती वर्षं झाली?

साहेब उभे राहिले. "आमच्या डिझायनरची टायपिंग मिस्टेक आहे."

"टायपिंग?" अण्णा म्हणाले. "नवरीला गूळ फासलाय तुमी, आन् टायपिंग म्हंता? सायेब, इथं बसलेलं शेंबडं पोरगं बी सांगंल हे हळदीचं हाय म्हनून. जिचं पान तिचं तिला. पोरी, यार्डाची वेबसाइट तू करायची. हाय कुणाची ना?" कुणाची नव्हती. टाळ्या वाजल्या, चहा आला, आणि आधी मला दिला लालासाहेबांनी, स्वतःच्या हातानं. म्हणाले, "चुकलो, पोरी." एवढ्या लोकांत म्हणाले.

आता एक राहिलं. टाळ्या थांबल्यावर लालासाहेबांनी साहेबांना विचारलं, "हा डिझायनर कोन? नाव तरी सांगा त्या शहान्याचं." साहेबांनी तोंड उघडलं. मी मधीच म्हटलं, "नाव घेऊन काय करायचंय? लोणचं घालायचंय का गुळाचं?" परत हसू उसळलं आणि नाव राहून गेलं.

आणि ते पान वाचताना मी सगळा वेळ डाव्या हाताचा अंगठा वरच्या चित्रावर दाबून धरला होता. ळ वर. आप्पा दोन हातांवर बसलेले. लालासाहेबांना आप्पांचं अक्षर पाठ आहे, त्यांनी बघितला असता तर म्हणाले असते, भाऊ-बहिणीनं मिळून एकच माल दोघांना विकला. म्हणून दाबला.

म्हणजे, त्याचसाठी दाबला असं मी स्वतःला सांगितलं. सगळं खरं न्हाई ते. पण आज जिंकलेय, आज एवढंच.

ताई


सांगली
७ मार्च १९९९

मिलिंद,

तुझं कार्ड मिळालं. दोन-दोन शब्दांच्या तीन ओळी. 'नोकरी गेली. तू जिंकलीस. मी नकल्याच.'

पंधरा दिवस मी यार्डात मिरवतेय. पानाच्या गाडीवाल्यापासून हमालापर्यंत सगळे मला बघून 'गूळ लावला का गूळ' म्हणतात. आणि तुझं ते तिसरं वाक्य वाचून मला ते मिरवणं नकोसं झालं. आता ते कारण सांगते, जे पहिल्या पत्रात सांगितलं नाही.

ऑगस्टात म्हसवडच्या घोंगडीवाल्याची वेबसाइट आपण केली. आपण म्हणजे मी. तू फक्त फोटो काढून आणलेस. मी एका अमेरिकन ब्लँकेटच्या दुकानाची वेबसाइट उघडली, तिचा आतला सगळा मजकूर उतरवून घेतला, नावं बदलली आणि दिली. तीन दिवसांचं काम एका दुपारी. मला वाटलं, कोण बघतंय म्हसवडमधून अमेरिकेचं? तर त्यांचा भाचाच निघाला तिथं. घोंगडीवाले आपल्या खोलीत येऊन गिऱ्हाइकांपुढं ओरडले. आप्पा तिथंच, कोपऱ्यात ब्रश धूत होते. त्यांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी कीबोर्डकडं बघितलं.

आणि आप्पा तुलाच म्हणाले, "नकल्या!" तू सातवीत चित्रकलेच्या परीक्षेत काचेखाली बल्ब लावून चित्र छापलं होतंस ना, तेव्हापासून घरात नक्कल म्हटली की तूच. तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. तू 'मी न्हाई' म्हणाला न्हाईस. मी बोलेन म्हणून तू वाट बघत होतास. मी बोलले नाही. चौथ्या दिवशी तू साताऱ्याची एसटी धरलीस.

माझ्या न लिहिण्याचं कारण हे. हरिपूरला महिनाभर चिखल कालवला तो काही मी मोठी कलावंत आहे म्हणून नव्हे. लाजेनं कालवला. पुन्हा कुणाचं उचलायचं नाही एवढं एकच तेव्हा मनात होतं. आणि बघ, त्याच पानाची तू नक्कल केलीस. तू मला चिडवायला केलीस, का आप्पांचं अक्षर जवळ असावं म्हणून, ते तुझं तू जाणे.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी आप्पांना सांगणार आहे. पुढची ओळ सांगून झाल्यावर लिहीन.

सांगितलं.

आप्पा ओट्यावर ब्रशांचे केस विंचरत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. घोंगडीचं, तुझ्याकडं बघून गप्प बसल्याचं, ळ चं, तू परत नकल्या ठरू नयेस म्हणून अंगठा दाबल्याचंसुद्धा. आईनं कपाळावर हात मारला. आप्पांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे घरात दोन नकले हायती. आन् मी एकालाच हाकलला."

"तुमी कुठं हाकलला? त्यो गेला," आई म्हणाली.

"मीच हाकलला," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आपल्याला कधीच सांगितली नव्हती. आप्पा मिरजेत ज्या वस्तादाकडं शिकले, त्यांच्याकडं तीन वर्षं त्यांनी फक्त नक्कल केली. वस्तादानं काढायचं, आप्पांनी खाली तसंच गिरवायचं. एक दिवस 'बाळकृष्ण मिठाईवाले' असा बोर्ड होता. आप्पांनी तो एकट्यानं संपवला. वस्ताद आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "धोंड्या, हा ळ माझा न्हाई." आप्पांना वाटलं, आता हाकलतात. तर वस्तादानं स्वतःचा एक ब्रश काढून त्यांच्या हातात दिला. "आता जा. सोताचं दुकान टाक. आता तुला द्यायला माझ्याकडं काय न्हाई."

"नक्कल कुणाला चुकली न्हाई," आप्पा म्हणाले. "नकलंनंच हात तयार व्हतो. पर आपला ळ आल्यावर बी दुसऱ्याचा काढायचा, ही चोरी. आन् आपला यायच्या आधीच इकायला बसायचं, ही बी चोरीच. त्याला सांग असं."

सांगितलं तुला.

आणखी एक काम आहे. जोतिबा अण्णांचं गुळाचं पान करायचंय. मला हळद कळते, गूळ कळत न्हाई. मी अण्णांना म्हटलंय, माझ्याजवळ एक माणूस आहे, गुळाबद्दल सगळं चुकीचं त्याला पाठ आहे, आता बरोबर शिकेल. अण्णा हसून 'बघू' म्हणाले. तुझं नाव मी सांगितलंय, काय केलंस तेही सांगितलंय. लालासाहेबांनाही सांगितलं, आणि घोंगडीवाल्यांना जाऊन माझंही सांगून आले. आपलं नाव उघड घेऊनच काम करायचं असलं तर करायचं, नाहीतर नको. कडेगावला मामांच्या शेजारी गुऱ्हाळ चालू आहे. तिथं जाऊन बस. कॉम्प्युटर घरी ठेव.

वर जय भीम लिहायचा राहिला, खाली लिहिते. जय भीम.

ताई


सांगली
११ एप्रिल १९९९

चि. मिलिंदास ताईचा सप्रेम जय भीम.

तुझी फ्लॉपी कडेगावच्या एसटीच्या कंडक्टरनं आणून दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर गुळाचा डाग. मी लगेच उघडली न्हाई. भ्यालेच, खरं सांगते. न जाणो, परत कुणाचं तरी निघालं तर?

मग उघडली.

मिलिंदा, पान खाली सरकवत जावं तसा रंग बदलतो रं! वर रसाचा हिरवट, मग मळीचा काळपट, मग फेसाचा, मग मोठ्या काहिलीत उकळत्या पाकाचा, आणि तळाला ढेपेचा तो पिवळसर तांबडा. हे कुठं बघितलंस तू? कुठंच बघितलं नसणार, काहिलीशिवाय. आणि ते गुळव्याचं! उकळता पाक पाण्यात टाकतो, त्याची गोळी करतो, भांड्यावर आपटतो आणि कान देऊन आवाज ऐकतो, आवाज टणक आला की गूळ झाला. ते वाचून जोतिबा अण्णा म्हणाले, "चाळीस वर्सं गूळ इकतोय, पर ही गोष्ट कागदावर आज बघितली." हात भाजल्याचं तू लिहिलं न्हाईस, पण फोटोत पट्टी दिसती. हळद लाव. गूळ नको.

आता आप्पांचं सांगते. आईनं त्यांना हाताला धरून खोलीत आणलं. चष्मा पुसून ते पडद्यापुढं बसले. वर 'गूळ' लिहिलेलं तू, ब्रशनं, स्वतःच्या हातानं. गू जरा वाकडा आलाय. ळ ची दुसरी वाटी आप्पांच्यासारखी खाली लोंबत न्हाई, ती वर उचललेली आहे, आणि शेपटी थेट सरळ न जाता पाकाच्या तारेसारखी लांबत गेलीय.

आप्पांनी बोट काचेवर ठेवलं. त्या ळ वरनं सावकाश फिरवलं, एकदा, दोनदा. मग हात मागं घेतला.

"हा ळ माझा न्हाई," म्हणाले.

आई घाबरली. तिला वाटलं, परत सुरू झालं. म्हणाली, "आवं, पोरानं एवढं केलंय, जरा गोड बोला की!"

आप्पांनी तिच्याकडं बघितलंच न्हाई. उठले, कोनाड्यातला डबा काढला, आणि त्यातला वस्तादांचा तो ब्रश, ज्याला आपल्याला कुणाला कधी हातबी लावू दिला न्हाई, तो फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाले, "चवदा तारखेला जयंतीला येईल न्हवं त्यो?"

मी म्हटलं, येईल.

ये.

ताई